पुण्यातली मतं कुठून कुठे गेली? बूथनिहाय आकडे वाचताना

पुणे लोकसभा मतदारसंघाचे दोन निकाल शेजारी ठेवू. 2019 मध्ये गिरीश बापट यांना 6,32,835 आणि मोहन जोशी यांना 3,08,207 मतं होती. 2024 मध्ये मुरलीधर मोहोळ यांना 5,84,728 आणि रवींद्र धंगेकर यांना 4,61,690. म्हणजे भाजपची सुमारे 48 हजार मतं घटली, तर काँग्रेसची सुमारे 1 लाख 53 हजार वाढली. वंचित बहुजन आघाडी सुमारे 65 हजारांवरून 32 हजारांवर आली. एकूण मतदान साधारण 70 हजारांनी वाढलं.

आता बेरीज करा. भाजपकडून 48 हजार, वंचितकडून 33 हजार आणि नवे 70 हजार मिळून 1 लाख 51 हजार होतात. काँग्रेसची वाढ जवळपास तेवढीच. हिशेब इतका चोख जुळतो की कट्ट्यावर कुणी तो सांगितला, तर खोडायचं कुणाला सुचणार नाही.

पण बेरीज जुळणारच होती. एकूण मतदान, तीन मोठे पक्ष आणि उरलेले किरकोळ, अशी विभागणी केली की एका रकान्यातली वाढ बाकीच्या रकान्यांत कुठेतरी दिसतेच. ती माणसं तिथूनच आली, हे त्यातून सिद्ध होत नाही. वंचितचे बरेच मतदार घरीच राहिले असतील, 2019 ला मतदान न केलेले तेवढेच लोक 2024 ला बाहेर पडले असतील, तरी निकालपत्रावर हेच आकडे उमटतील. शिवाय पाच वर्षांत काही मतदार वारले, काही बदली होऊन गेले, आयटीतली मंडळी वडगाव शेरीत येऊन राहिली, आणि तेव्हा तेरा ते सतरा वर्षांची असलेली मुलं यादीत आली. दिसते ती निव्वळ बेरीज-वजाबाकी. तिच्या खाली झालेली खरी उलथापालथ कितीतरी मोठी असू शकते.

मग आणखी खाली उतरू. सहा विधानसभा क्षेत्रांपैकी एकट्या कोथरूडने मोहोळ यांना सुमारे 74 हजारांचं मताधिक्य दिलं, एकूण 1,23,038 च्या निम्म्याहून बरंच जास्त. पुणे कॅन्टोन्मेंटमध्ये मात्र धंगेकर पुढे होते. त्याच धंगेकरांनी फेब्रुवारी 2023 ची कसब्याची पोटनिवडणूक सुमारे 11 हजारांनी जिंकली होती. लोकसभेला ते कसब्यातच मागे पडले आणि नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला तिथे सुमारे 19 हजारांनी हरले. कसबा फिरला, असं म्हणणं सोपं आहे. पण पोटनिवडणुकीला रांगेत उभे राहिलेले आणि लोकसभेला आलेले लोक तेच नव्हते.

त्याहून बारीक हिशेब असतो फॉर्म 20 मध्ये. प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली, हे त्यात ओळीनं दिलेलं असतं आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. बहुधा स्कॅन केलेली पीडीएफ असते. पुण्यात 2024 ला 35 उमेदवार होते (एका बॅलट युनिटवर नोटा धरून 16 बटणं, म्हणून केंद्रावर तीन युनिटं), त्यामुळे तक्ता आडवा पसरतो आणि संगणकानं आकडे उचलताना एखादा रकाना सरकतो. म्हणून आधी प्रत्येक ओळीतल्या उमेदवारांच्या मतांची बेरीज वैध मतांशी ताडून बघावी, मग नोटा मिळवून एकूण मतांशी. जुळत नसेल तर ती ओळ मूळ पानावरून हातानं भरावी. हे कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढचं सगळं विश्लेषण वाया जातं.

दोन निवडणुकांची तुलना केंद्र क्रमांकावरून तर मुळीच करू नये. यादीतले मतदार 1,500 च्या वर गेले की केंद्र फुटतं, शाळा बदलते, क्रमांक पुढे सरकतात. 2025 पासून ती मर्यादा 1,200 झाली आहे, म्हणजे पुढच्या वेळी गोंधळ वाढणार. क्रमांकाऐवजी मतदार यादीच्या त्या केंद्राच्या भागात कोणते रस्ते आणि सोसायट्या आहेत ते बघून जुळवावं. टपाली मतं वेगळी मोजली जातात, ती कोणत्याच केंद्रात दिसत नाहीत. आणि ड्युटी प्रमाणपत्रावर मत देणाऱ्या कर्मचाऱ्यांचं मत कामाच्या केंद्रावर पडतं, नाव मात्र दुसरीकडे असतं.

एवढं करूनही 'कोणी' मत दिलं ते कळतं का? समजा एका केंद्रावर 800 मतं पडली. त्यातली 500 सोसायट्यांमधली आणि 300 वस्तीतली. अमुक उमेदवाराला 600 मतं. वस्तीतल्या तीनशेही जणांनी त्यालाच मत दिलं असेल, तरी सोसायटीतली किमान 300 त्याची. जास्तीत जास्त सगळी 500. म्हणजे सोसायटीतला पाठिंबा 60 ते 100 टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो आणि वस्तीतला 33 ते 100. आता दुसरं केंद्र घ्या: 760 सोसायटीचे, 40 वस्तीचे, मतं तेवढीच 600. इथे सोसायटीचा आकडा 74 ते 79 टक्क्यांत बांधला जातो. वस्तीचा मात्र शून्य ते शंभर! ज्या गटाचं केंद्रावर वर्चस्व, त्याच्याबद्दलच आकडे बोलतात. ही मर्यादा-पद्धत 1953 मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डंकन आणि डेव्हिस यांनी मांडली.

त्याच वर्षी लिओ गुडमन यांनी दुसरी वाट दाखवली: शेकडो केंद्रं आलेखावर मांडायची, आडव्या अक्षावर सोसायटीवाल्यांचं प्रमाण, उभ्या अक्षावर उमेदवाराची टक्केवारी, आणि मधून जाणारी रेघ 100 टक्क्यांपर्यंत वाढवायची. गृहीतक असं, की कोथरूडचा आणि कॅन्टोन्मेंटचा सोसायटीवाला सारखंच मत देतो. तसं नसेल तर रेघ कधीकधी 112 टक्के किंवा उणे 8 टक्के असलं उत्तर देते. खरं तर असं उत्तर आलं तर बरंच, चूक उघडी पडते. 70 टक्के असं भारदस्त उत्तर येऊनही ते चुकीचं असू शकतं, तेव्हा पंचाईत होते. अशा फसगतीचं जुनं उदाहरण आहे: 1950 मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की परदेशी जन्मलेल्यांचं प्रमाण ज्या राज्यांत जास्त, तिथे साक्षरता जास्त. पण माणसागणिक पाहिलं तर परदेशी जन्मलेलेच कमी साक्षर होते. ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, इतकंच.

विश्लेषकाला एवढी कसरत करूनही व्यक्ती सापडत नाही. स्थानिक कार्यकर्त्याला मात्र केंद्राचा आकडाच पुरतो. अमक्या दोन सोसायट्यांच्या केंद्रावर आपण मागे पडलो, हे निकालाच्या दिवशीच कळतं आणि पाण्याची तक्रार घेऊन गेल्यावर ते आठवतंही. हे टाळायला मतपत्रिकांच्या काळात गरज वाटेल तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळता येत. यंत्रांसाठी तसंच करणारं टोटलायझर, सुमारे 14 केंद्रांची एकत्र बेरीज दाखवणारं, निवडणूक आयोगानं 2008 मध्ये सुचवलं आणि विधी आयोगानं 2015 च्या 255 व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते लागू झालं नाही, म्हणून फॉर्म 20 आजही केंद्रनिहाय मिळतो. टोटलायझर आलं तर वर सांगितलेली दोन्ही गणितं जवळजवळ निकामी होतील. संशोधनाचं हे नुकसान सोसावं, असं आमचं मत आहे.