बीड रोलर

मोटारीच्या पत्र्यावर पन्हळीसारखी उठावाची रेघ पाडणारे यंत्र. या रेघेला बीड म्हणतात. यंत्राच्या दोन आडव्या शाफ्टच्या टोकांना एकाखाली एक अशी दोन चाके असतात. एकाला उंचवटा, दुसऱ्याला त्याच बेताची खाच. यांना डाय म्हणतात. मध्ये पत्रा धरून वरचा स्क्रू आवळतात आणि हँडल फिरवतात. काही यंत्रांना मोटर असते.

सपाट पातळ पत्रा अंगठ्याने दाबला तरी 'टक्' करून आत जातो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण वजनही दुप्पट होते. बीडमुळे वजन न वाढवता ताठपणा येतो. छपराचा पन्हळी पत्रा भार पेलतो तो असाच. 1947 ते 1981 या काळात बनलेल्या सित्रोएन एच या फ्रेंच व्हॅनची जवळजवळ सगळी बॉडी पन्हळी पत्र्याची होती. मात्र हा ताठपणा रेघेच्या लांबीच्या दिशेने मिळतो. आडव्या दिशेने पत्रा वाकतोच. म्हणून रेघा कुठून कशा न्यायच्या, हे आधी ठरवावे लागते.

कारखान्यात असे उठाव प्रेसच्या एका दाबात निघतात. बीड रोलरचे खरे मोल जुन्या गाडीचा गंजलेला फ्लोअर नव्याने घडवताना कळते. त्यासाठी बहुधा 18 किंवा 20 गेजचा, म्हणजे सुमारे 1.2 किंवा 0.9 मिमी जाडीचा नरम पोलादी पत्रा घेतात. डाय बदलून कडेला पायरीही पाडता येते; तिच्यावर दुसरा पत्रा बसला की जोड वरून सपाट दिसतो.

सगळ्यात अवघड गोष्ट पत्र्याची ओढ. उठावाला लागणारा पत्रा आजूबाजूनेच खेचला जातो, त्यामुळे कडा आत येतात आणि सपाट भाग पिळवटतो. म्हणून तुकडा मापापेक्षा मोठा कापावा, बीड पाडून झाल्यावरच छाटावा. पूर्ण खोली एका फेरीत गाठण्याचा मोह टाळावा. दोन-तीन फेऱ्यांत हळूहळू दाब वाढवलेला बरा. खोल गळ्याच्या, म्हणजे पत्रा बराच आतपर्यंत जाऊ शकेल अशा, यंत्राची चौकट दाबाखाली उघडते आणि डाय एकमेकांवरून सरकतात, म्हणून कारागीर तिला जादा पट्ट्या वेल्ड करतात.

हाताच्या यंत्रावर दोघे असले तर काम नीट होते: एकजण हँडल फिरवतो, दुसरा मार्करच्या रेघेवर नजर ठेवून पत्रा वळवतो. शेवटची बोटभर रेघ उरली की स्क्रू थोडाथोडा सैल करतात. उठाव उतरत जाऊन सपाटीत मिसळतो आणि टोकाशी पत्रा चुरगळत नाही.