शवविच्छेदन : पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले

संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूचे कारण शोधण्यासाठी डॉक्टर मृतदेहाची बाहेरून आणि आतून जी तपासणी करतात, ते न्यायवैद्यक शवविच्छेदन. रुग्णालयात आणि पोलीस ठाण्यात त्याला नुसते ‘पीएम’ म्हणतात. खुनाच्या चित्रपटांतले पीएम प्रत्यक्षाशी फार थोड्या ठिकाणी जुळते, आणि सर्वांत मोठी तफावत मृत्यूच्या वेळेत आहे.

पडद्यावरचा डॉक्टर प्रेताजवळ दोन मिनिटे बसतो आणि ‘रात्री अकरा ते साडेअकरा’ असे सांगून मोकळा होतो. कोर्टात एवढे ठाम बोलणारा डॉक्टर उलटतपासणीत टिकणार नाही. देह थंड किती झाला हे थंड हवेत उपयोगी पडते. विदर्भातल्या मे महिन्यात हवाच देहाहून तापलेली असेल, तर तो थंड होणार कसा? ताठरता आधी पापण्या आणि जबड्यात जाणवते, मग हातापायांत उतरते. साधारण १२ तासांत सगळा देह ताठतो, पण उन्हाळ्यात किंवा मरणापूर्वी झटापट झाली असेल तर हे सारे लवकर घडते. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसणारी हिरवट छटा ही कुजण्याची पहिली खूण. तीही ऋतूप्रमाणे पुढेमागे होते. हे सगळे ताडून अहवालात लिहिला जातो तो काही तासांचा पट्टा, घड्याळातली वेळ नव्हे.

देहावरचे जांभळट डाग मात्र पटकथाकारांनी वाया घालवलेला ऐवज आहे. रक्ताभिसरण थांबले की रक्त खालच्या बाजूला उतरते आणि साधारण ६ ते १२ तासांत डाग पक्के होतात. उताणा देह असेल तर पाठ जांभळी पडते, पण जमिनीला टेकलेली खांद्याची पाती आणि नितंब पांढरट राहतात. पालथ्या सापडलेल्या देहाच्या पाठीवर असे पक्के डाग असतील, तर देह नंतर कुणीतरी हलवला आहे.

विषबाधेतही पडद्यावर घाई असते. फेस हुंगून विषाचे नाव सांगता येत नाही. कीटकनाशकाचा उग्र वास ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा असतो. तरी ते वासाची नोंद करतात आणि व्हिसेरा राखून ठेवतात. म्हणजे जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड वगैरे सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून, बरण्या सील करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवतात. अहवालाला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर मृत्यूच्या कारणाबाबत ‘मत राखून ठेवले’ एवढेच. मालिकांत सुरी आणि सूक्ष्मदर्शक एकाच डॉक्टरच्या हाती असतात, इथे ती दोन वेगळी खाती आहेत.

खुनाच्या तऱ्हाही सोयीच्या असतात. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळत नाही, त्याला काही मिनिटे लागतात. गोळी लागलेला माणूस हवेत मागे फेकला जात नाही. भोसकल्याची जखम पात्याच्या लांबीहून खोल असू शकते, कारण जोराच्या वाराने पोटाचा मऊ भाग आत दबतो.

भारतात घटनास्थळाचा ताबा पोलिसांकडे असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा (देहाची स्थिती आणि दिसणाऱ्या जखमांची नोंद) होतो आणि मग देह शवागारात येतो. मुंबईत १९९९पर्यंत कॉरोनरची, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या खास अधिकाऱ्याची, पद्धत होती. नोव्हेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर खुनाची प्रकरणे त्यातून वगळली. त्यामुळे मध्यरात्री एका दिव्याखाली चाललेली ती चिरफाड बहुतेकदा दिग्दर्शकाचीच.

अमेरिकेत मेडिकल एक्झामिनर, म्हणजे अशा मृत्यूंचा तपास करणारा सरकारी डॉक्टर, मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या की मनुष्यवध हेही नोंदवतो. आपल्याकडचा अहवाल सहसा ‘छातीवरील जखमेमुळे रक्तस्राव’ अशा कारणावर थांबतो; खून झाला की नाही हे न्यायालय ठरवते. साक्षीच्या वेळी जप्त केलेले हत्यार डॉक्टरांपुढे ठेवून विचारतात, याने अशी जखम होऊ शकते का? उत्तर बहुधा ‘होऊ शकते’ एवढेच असते, आणि बचाव पक्षाचा वकील लगेच विचारतो, दुसऱ्या हत्यारानेही होऊ शकते ना?