डायरेक्टरला कोर्टात वाचवतं ते मीटिंगचं मिनिट बुक

बोर्डाने प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय फसला तर कोर्ट डायरेक्टरच्या मागे लागत नाही, हे तत्त्व जुनंच आहे. इंग्लंडमध्ये १९२५ च्या सिटी इक्विटेबल खटल्यात तर कोर्ट म्हणालं होतं की डायरेक्टरने कंपनीकडे सतत लक्ष द्यायची गरज नाही, त्याचं काम अधूनमधून होणाऱ्या मीटिंगपुरतं.

खरा धक्का बसला १९८५ ला, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या सुप्रीम कोर्टात. ट्रान्स युनियन नावाची कंपनी, २० सप्टेंबर १९८० चा शनिवार, चेअरमन व्हॅन गोर्कम यांनी घाईत मीटिंग बोलावली, कशासाठी ते बहुतेकांना आल्यावरच कळलं, ते २० मिनिटं बोलले, हातात ना कराराची प्रत ना कंपनीची किंमत काढलेला कागद, आणि दोनेक तासांत शेअरला ५५ डॉलरने अख्खी कंपनी विकायला मंजुरी देऊन मंडळी मोकळी! भाव बाजारापेक्षा बराच जास्त होता, कुणी पैसे खाल्ले नव्हते, बोर्डावर मोठमोठ्या कंपन्यांचे सीईओ होते. तरी कोर्टाने ३ विरुद्ध २ मतांनी घोर निष्काळजीपणा ठरवला आणि प्रकरण २.३५ कोटी डॉलरवर मिटलं. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की कोर्टाने निर्णयापेक्षा निर्णय कसा घेतला ते तपासलं.

डायरेक्टर लोक घाबरले, त्यात त्यांचा विमाही महागला होता, मग १९८६ ला डेलावेअरने कायदा बदलला, कंपनीने आपल्या सनदेत तसं लिहिलं तर निष्काळजीपणासाठी डायरेक्टरकडून भरपाई घेता येणार नाही. अप्रामाणिकपणाला मात्र माफी नाही.

आणि ही फट पुढे मोठी झाली. १९९६ च्या केअरमार्क खटल्यात कोर्ट म्हणालं, कंपनीत काय चाललंय ते बोर्डापर्यंत पोचेल अशी यंत्रणा बसवायचा मनापासून प्रयत्न हवाच. २००६ ला ठरलं की तो प्रयत्नच न करणं म्हणजे कंपनीशी निष्ठा मोडणं, म्हणजे १९८६ ची सूटही गेली. २०१९ चं ब्लू बेल आइस्क्रीमचं प्रकरण तर वाचून सुन्न व्हायला होतं. आइस्क्रीममधल्या लिस्टेरिया नावाच्या जंतूमुळे ३ माणसं गेली, खाली मॅनेजमेंटकडे धोक्याचे रिपोर्ट येत होते, पण बोर्डाकडे अन्नसुरक्षेची ना कमिटी, ना मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदींत, त्यावर नियमित चर्चा. कोर्टाने डायरेक्टरांवरचा खटला पुढे चालू दिला.

म्हणून आता शेअरहोल्डरचे वकील आधी मिनिट्स मागतात, कागद किती दिवस आधी पाठवले, कुणी काय विचारलं, विरोध कुणी नोंदवला.