‘भरड’पासून ‘श्री’पर्यंत: पार्श्वभूमी

ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही आपण ‘आपली’ म्हणतो ती तिन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात मुख्य पीक सापडलं ते जव. ताट पूर्वीही बदलत आलंय, पण तेव्हा त्यात नवं काही येत होतं. गेल्या साठ वर्षांत आहे तेच निघून गेलं.

1964 साली संकरित ज्वारी आली. एकरी उतारा वाढला हे खरं, पण खरिपाचं कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडे. भाकरीलाही जुन्या ज्वारीची चव नव्हती. 1972च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ‘मिलो’ ज्वारी आली आणि ज्वारीची उरलीसुरली पत उतरली. पुढे मराठवाडा-विदर्भात खरीप ज्वारीचं रान सोयाबीनने घेतलं. ज्वारीबरोबर तिची इरवड, म्हणजे आंतरपिकंही गेली. तुरीचे पाटे, मूग, चवळी, कडेची अंबाडी गेली आणि खुरपताना ओच्यात पडणारी पाथरी, तांदुळजा, घोळही. पोषणाचा हिशेब नुसत्या धान्यावर लावला की ही ओच्यातली भाजी त्यातून सुटते.

खरा घोळ आहे तो नावाचा. सरकारी कागदावर ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, वरी हा सगळा गट वर्षानुवर्षं ‘भरडधान्य’ होता. मराठीत जमीनही भरड असते, हलकी, मुरमाड. तोच हलकेपणा धान्याला चिकटला. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असा दर ठरला होता. एवढं करून ते रेशनवर दिसलं क्वचितच. शिवाय या गटात मकाही मोजला जाई. कोंबड्यांच्या खाद्यात आणि स्टार्चच्या कारखान्यात जाणारा मका वाढत गेला, त्यामुळे ‘भरडधान्याचं उत्पादन’ आकड्यात ठीकठाक दिसायचं आणि ज्वारीची घसरण त्याखाली झाकली जायची. माझ्या मते ‘भरड’ या शब्दाने केलेल्या अपमानापेक्षा या बेरजेने केलेलं नुकसान मोठं.

एप्रिल 2018मध्ये केंद्राने अधिसूचना काढून नाव बदललं: ‘पौष्टिक तृणधान्य’. त्यातून मका वगळला आणि राजगिरा व कुट्टू (बकव्हीट) घेतले. ही दोन्ही तृणकुळातली, म्हणजे गवताच्या कुळातली नाहीतच. (उलट वरी अस्सल तृणधान्य असून आपल्याकडे उपवासाला चालते. नावांचे घोळ काही सरकारच घालतं असं नाही.) 2023मध्ये, आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्षाच्या निमित्ताने, त्याचंच ‘श्री अन्न’ झालं.

‘पौष्टिक’ हे विशेषण खोटं नाही, पण ते सरसकट लावलं गेलं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम 10. ज्वारी-बाजरीत मात्र नाचणीइतकं कॅल्शियम नाही. बाजरीचं बळ लोहात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, राळ्याचा भात आणि मिसळीची भाजी एकाच ताटात येते, तेव्हा एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

राळा, वरी, कोद्रा मागे पडले त्याला चवीपेक्षा टरफल कारण. नाचणी मळून, पाखडून थेट जात्यावर जाते. वरी उखळात कांडावी लागते, पाखडून पुन्हा कांडावी लागते, आणि हे काम बाईच्याच वाट्याचं. गावातली गिरणी पीठ करून देते, टरफल काढून देत नाही.

अधिसूचनेच्या यादीत दहा नावं आहेत. केंद्राचा हमीभाव त्यांतल्या ज्वारी, बाजरी आणि नाचणीलाच जाहीर होतो.