टॉलरन्स १०⁻⁹ ठेवला, म्हणजे नऊ घरं बरोबर?

जळगावात एम.एस्सी.च्या पोरांचे प्रकल्प तपासताना दर वर्षी हे वाक्य सापडतंच: ‘टॉलरन्स १०⁻⁹ ठेवला, म्हणून उत्तर नऊ घरांपर्यंत काटेकोर.’ (टॉलरन्स म्हणजे सॉल्व्हरला, अवकल समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलेली चुकीची मुभा.) त्याच पानावर माझं लाल पेन घासून घासून संपतं.

मॅटलॅबचं ओडीई४५ हा नेहमीचा सॉल्व्हर तुम्ही रोज वापरता, ते शिकवत बसत नाही. दुसऱ्या बाजूला व्हीनोड-एलपी, कॅप-डी, कोझी इन्फिनिटी हे हमी देणारे सॉल्व्हर. दोन्ही गटांना लोक सरसकट ‘अचूक सॉल्व्हर’ म्हणतात, आणि घोळ इथेच होतो.

ओडीई४५ प्रत्येक पायरीला (वेळेच्या छोट्या तुकड्याला) चौथ्या आणि पाचव्या कोटीच्या (ऑर्डरच्या) सूत्रांनी उत्तर काढतं आणि दोहोंतल्या फरकाला चूक समजतं. हा झाला अंदाज, आणि तोही त्या एकाच पायरीचा. मागच्या पायऱ्यांच्या चुका पुढे किती फुगल्या, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. लॉरेंझची गोंधळी (केऑटिक) समीकरणं (स्थिरांक १०, २८, ८/३) एकदा १०⁻⁶ आणि एकदा १०⁻⁹ टॉलरन्सने सोडवून ४० व्या सेकंदाला बघा. दोन उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नसतो, आणि इशारा तर एकही येत नाही.

रावेरकडचा व्यापारी केळीच्या बागेत उभ्या उभ्या सांगतो, ‘भाऊ, घड अठरा किलोचा.’ नजर तयार असते, बहुतेक वेळा बरोबरही निघतं. पण दुसरा कुणी ‘सोळाच्या खाली नाही, एकविसाच्या वर नाही, लिहून देतो’ म्हणाला, तर ती गोष्टच वेगळी. व्हीनोड नि कॅप-डी हे लिहून देणारे. ते आकडा देत नाहीत, अंतराल देतात, म्हणजे खालची आणि वरची सीमा. त्या पायरीत उकल अस्तित्वात आहे हे आधी सिद्ध करतात, मग टेलर मालिकेची शेष संज्ञा (मालिका मध्येच तोडल्यावर उरलेला भाग) आणि संगणकाचं राउंडिंग, दोन्ही बाहेरच्या बाजूला धरतात. सिद्ध होत नसेल तर थांबतात.

x′ = x², x(०) = १ घ्या. खरी उकल १/(१−t), म्हणजे t = १ ला अनंत. ऑयलरच्या साध्या पद्धतीने ०.२५ ची पायरी घेऊन वहीवर करा: १, १.२५, १.६४, २.३१, ३.६५. अनंताच्या जागी ३.६५, आणि पुढची पायरीही खुशाल टाकता येते! ओडीई४५ इतकं भोळं नाही, ते पायरी लहान करत करत इशारा देऊन थांबतं. पण तो इशाराच, सिद्धता नव्हे. अंतरालवाल्यांना १ ओलांडताच येत नाही.

पन्नास घरांचं अंकगणित वापरलं म्हणूनही हमी मिळत नाही. चुकीची पन्नास घरंही छापता येतातच की.

व्हीनोडमध्येसुद्धा पोरं हमी घालवतात. लॉरेंझमधला ८/३ घ्या: सी-प्लस-प्लसमध्ये नुसतं ८/३ लिहिलं तर २ येतात, ८.०/३ लिहिलं तर दुसरीच, जवळची संख्या. आधी आठाचं अंतराल करा, मग तिनाने भागा.

बाकी फरक किरकोळ. अंतरालाची चौकट मात्र फिरली की फुगते: तिरकं ठेवलेलं खोकं सरळ खोक्यात बसवायचं तर बाहेरचं मोठंच लागणार. साध्या आंदोलकाच्या एका फेऱ्यात ही भोळी पद्धत चौकट e²ᵖⁱ पट, म्हणजे सुमारे ५३५ पट करते. लोनर या गणितज्ञाने चौकटीबरोबर अक्षही फिरवून यावर तोड काढली. व्हीनोड आणि कॅप-डी त्याच वाटेने जातात. कोझी टेलर मॉडेल (बहुपदी आणि तिच्या चुकीचं अंतराल) वापरतं. सुरुवातीची चौकटच मोठी असेल तर तेच घ्या, फक्त त्याची स्वतःची भाषा शिकावी लागते. माझी पसंती शिकायला व्हीनोड, कारण त्याचा कोड पुस्तकासारखा वाचता येतो. आणि पॉइनकरे नकाशे (उकल ठरलेल्या छेदावर पुन्हा कुठे येते ते सांगणारे) लागणार असतील तर क्राकोचं कॅप-डी.

लॉरेंझचा विचित्र आकर्षक (उकली ज्याच्याकडे ओढल्या जातात तो गुंतागुंतीचा आकार) खरोखर आहे, हे गणितज्ञ वॉरविक टकरने १९९९ मध्ये अंतरालांच्याच जोरावर सिद्ध केलं. त्याआधी कित्येक वर्षं त्याची फुलपाखरासारखी चित्रं सगळीकडे छापली जात होती, नेहमीच्या सॉल्व्हरांनी काढलेली.