बर्फाखालचा कंद आणि बाल्कनीतला कढीपत्ता

जानेवारीत परदेशातल्या नातेवाइकांशी बागेच्या गप्पा निघाल्या की मुंबईकर जरा संकोचतो. पलीकडे शिकागोतल्या भाच्याच्या अंगणात गुडघाभर बर्फ, आणि इकडे मुलुंडची मावशी सांगतेय की गारठा पडल्यापासून कढीपत्त्याला फुटवाच नाही. भाच्याला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल, पण मावशीचं निरीक्षण पक्कं आहे. तापमान १६ अंशांखाली उतरू लागलं की कढीपत्त्याच्या कळ्या सुप्त होतात आणि जुनी पानं पिवळी पडून गळतात. भाच्यानं ऑक्टोबरमध्ये पुरलेले ट्यूलिपचे कंद मात्र बर्फाखाली सुखरूप असतात.

उष्ण प्रदेशातल्या झाडाला इजा व्हायला पाणी गोठावं लागत नाही. केळीचं पाहा. कच्ची केळी १३ अंशांखाली ठेवली तर सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि ती नीट पिकत नाहीत. जळगावच्या केळी बागायतदारांना हिवाळ्यात हीच धास्ती असते. थंडी वाढली की नवी पानं यायची मंदावतात, आणि कधीकधी घड बाहेर पडताना खोडातच अडकतो. याचं मूळ पेशीभोवतीच्या पातळ पटलात आहे. हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं असतं. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजतं, पण शेजारचं तिळाचं तेल वाहतं राहतं, कारण खोबरेलात संपृक्त, म्हणजे लवकर थिजणारी, स्निग्धाम्लं जास्त असतात. पटलाचंही तसंच होतं. ते घट्ट झालं की त्यातली प्रथिनं अडखळतात, पेशीतले क्षार बाहेर झिरपतात आणि प्रकाशसंश्लेषण बिघडतं. जपानमध्ये नोरिओ मुराता आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे तंबाखूच्या रोपांवर दाखवलं. पटलातली स्निग्धाम्लं ठरवणारं एक जनुक भोपळ्यातून घेऊन घातलं, तेव्हा तंबाखू थंडीला जास्त हळवी झाली. तेच जनुक अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, थंडी सोसणाऱ्या छोट्या रोपातून घेतलं, तेव्हा ती काटक झाली. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो, कारण त्यात झाडाची सहनशक्ती थेट त्याच्या स्निग्धाम्लांपर्यंत नेऊन भिडवली आहे.

मुंबईत गोष्ट याच्या पुढे जात नाही. सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदीतलं नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ चं. समुद्र शहराला त्याखाली जाऊ देत नाही. पण कसारा घाट चढून निफाडला गेलं की पारा ५ अंशांच्याही खाली येतो, द्राक्षाचे मणी तडकतात आणि बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी तर दवबिंदूच गोठतात. तिथल्या हवेचं तापमान तेव्हा शून्याच्या वरच असू शकतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतात. म्हणून थर्मामीटर ३ अंश दाखवत असताना गवतावर पांढरं हिमदव दिसतं.

आता खऱ्या गोठणाऱ्या थंडीकडे वळू. पाणी गोठून फुगतं आणि पेशी फोडतं, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलं आहे. प्रत्यक्षात बर्फाचे पहिले कण सहसा पेशींच्या मधल्या पोकळ्यांत तयार होतात. तिथलं पाणी पेशीतल्या रसापेक्षा निवळ असतं, त्यामुळे ते आधी गोठतं. एकदा बाहेर बर्फ धरला की तो पेशीच्या आतलं पाणी ओढून घेऊ लागतो आणि पेशी आकसत जाते. बर्फाळ देशातलं झाड थंडीनं मरतं तेव्हा ते बहुतेक वेळा पाण्यावाचून मरतं. जगणारी झाडं या दुष्काळाची तयारी आधीपासून करतात. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की ती वाढ थांबवतात, पेशीत साखर साठवतात, पटलातली स्निग्धाम्लं बदलतात आणि पाण्याअभावी प्रथिनं विस्कटू नयेत म्हणून खास संरक्षक प्रथिनं बनवतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा साकाई यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग थक्क करणारे आहेत. हिवाळ्याला सरावलेल्या डहाळ्या त्यांनी आधी सावकाश गोठवल्या आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्या. त्या जिवंत राहिल्या. तेच झाड जुलैत मात्र उणे ५ अंशांनीही कोलमडू शकतं, कारण या तयारीला काही आठवडे लागतात. म्हणूनच उत्तरेकडचे बागकामवाले जानेवारीतल्या कडाक्यापेक्षा मे महिन्यात अवचित पडणाऱ्या हिमदवाला जास्त घाबरतात. त्या वेळी फुलं उमललेली असतात आणि थंडी सोसण्याचा काटकपणा सगळा उतरलेला असतो. फळबागांत अशा रात्री फुलांवर पाण्याचे फवारे सोडतात. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता देतं, आणि फवारा अखंड चालू असेपर्यंत बर्फात बंद झालेली कळी शून्याच्या आसपासच राहते.

राहिला बर्फ. ज्यांनी तो फक्त मनालीच्या सहलीत पाहिलाय त्यांना तो झाडांचा शत्रू वाटतो. मातीतल्या कंदांसाठी आणि मुळांसाठी तो मोठा आधार आहे. ताज्या, भुसभुशीत बर्फात दहा भागांत सुमारे नऊ भाग हवाच असते, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते. वर हवा उणे २० अंश असताना फूटभर बर्फाखालची माती शून्याच्या आसपास राहू शकते. मुळं फांद्यांइतकी काटक नसतात, त्यामुळे हा फरक जीवनमरणाचा ठरतो. बर्फ न पडता नुसती कडाक्याची थंडी आली तर उघडी माती खोलवर गोठते. दिवसा ती वितळते, रात्री पुन्हा गोठते, आणि या ओढाताणीत लहान रोपं मुळासकट वर उचलली जातात. कुंडीतल्या झाडाची अवस्था आणखी वाईट, कारण कुंडीला चारही बाजूंनी गार हवा लागते.

अमेरिकेत झाडं निवडताना लोक कृषी खात्याचा पट्ट्यांचा नकाशा पाहतात. वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाची अनेक वर्षांची सरासरी घेऊन तो बनतो. २०२३ च्या नकाशात शिकागो सहाव्या पट्ट्यात आहे, म्हणजे उणे २३ ते उणे १८ अंश. मुंबई त्या हिशेबानं बाराव्या पट्ट्याच्या आसपास येईल. नकाशा उपयोगी आहे, पण बर्फ किती टिकतो, थंडी किती आठवडे राहते, उन्हाळा कसा आहे, यातलं काहीच तो सांगत नाही. दोन गावांतल्या बागांची तुलना करायची तर तेच आधी विचारायला हवं.

काही झाडांना तर थंडी हवीच असते. हिमाचलात स्थायिक झालेल्या अमेरिकन सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास हिमाचलातल्या कोटगढ भागात आणलेल्या डेलिशस सफरचंदाला ७.२ अंशांखालचे साधारण १००० तास लागतात, तेव्हाच कळ्या नीट फुटतात. सांताक्रूझची ती विक्रमी रात्रही ७.४ अंशांची होती, म्हणजे या मोजणीनं मुंबईच्या खात्यात एक तासही जमा नाही. ऑनलाइन मागवलेले ट्यूलिपचे कंद बाल्कनीत एकदा फुलतात ते आधी शीतगृहात काढलेल्या आठवड्यांच्या जोरावर. पुढच्या वर्षी नुसती पानं येतात. यात तुमच्या हाताचा दोष नाही.

आपल्या कुंड्यांसाठी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. वाढ थांबलेल्या झाडाला जानेवारीत खत घालू नये, आणि पाणी सकाळी, बेतानं द्यावं. जमिनीवरून येणारा कोरडा वारा आणि दुपारचं तिशीतलं ऊन यांनी माती वरून सुकलेली दिसते, पण बोटभर खाली ओल असते. सुप्त मुळं त्या ओलीत कुजतात.

आंब्याची गोष्ट मात्र वेगळी. कोकणात मोहोर यायला गार रात्री लागतात, आणि तो इशारा पक्व पानांत तयार होऊन कळ्यांपर्यंत पोहोचतो. पण थंडी प्रमाणाबाहेर लांबली तर मोहोरात नर फुलं वाढतात आणि फळधारणा घटते. शिवाय कैऱ्या धरलेल्या फांद्यांवर पुन्हा मोहोर फुटतो, झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि सुपारीएवढ्या कैऱ्या गळून पडतात. मार्चमध्ये वाशीच्या बाजारात हापूसच्या पेट्या कमी उतरल्या, तर कारण बरेचदा त्या आधीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रींच्या तापमानात सापडतं.