डिझेलचा धूर आणि सोलापूरचं ऊन

ट्रान्सपोर्टच्या गोदामात पत्र्याखाली डीईएफच्या (डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या) बादल्या रचून ठेवल्या असतील, तर मे महिन्यात त्या आधी तिथून हलवा. हे द्रावण २५ अंशांच्या आत ठेवलं तर दीड वर्ष टिकतं, ३० अंशांवर वर्षभर आणि ३५ अंशांवर जेमतेम सहा महिने. सोलापुरात उन्हाळ्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, पत्र्याखालचं तर विचारूच नका. उष्णतेने त्यातला युरिया फुटून अमोनिया तयार होतो. झाकण उघडताच नाकाला झोंबणारा वास आला, तर माल बिघडला असं समजा. बादली विटांच्या खोलीत, सावलीत ठेवावी. ओतायला पितळी नळ, तांब्याची नळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं वापरू नये, कारण हे द्रावण ते धातू खातं.

एवढा जपणूक सोहळा कशासाठी, तर १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ (धुराच्या कडक सरकारी मर्यादा पाळणाऱ्या) ट्रकचं स्वच्छपण बरंचसं याच पाण्यासारख्या द्रवावर उभं आहे. ज्वलन जितकं गरम, तितके नायट्रोजन ऑक्साइड जास्त; ते थंड केलं तर काजळी वाढते. इंजिनाच्या आत दोन्ही एकदम कमी करणं अवघड, म्हणून उरलेलं काम सायलेन्सरच्या वाटेवर केलं जातं. ३२.५ टक्के युरियाचं द्रावण गरम धुरात फवारतात. त्यातून निघालेला अमोनिया उत्प्रेरकावर नायट्रोजन ऑक्साइडशी भिडतो आणि बाहेर नायट्रोजन व वाफ पडते. अवजड इंजिनांसाठी बीएस-४ मध्ये किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होते, बीएस-६ मध्ये मर्यादा ०.४ च्या घरात आली. चाचणीची पद्धतही बदलली, पण फरक किती मोठा आहे ते कळायला हे आकडे पुरेत.

म्हणूनच शेतीचा युरिया कूपनलिकेच्या पाण्यात विरघळवून 'घरचं डीईएफ' करण्याची युक्ती सगळ्यात महागात पडते. या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, आणि तो शेतीसाठी अनुदानावर मिळतो, त्यामुळे असा वापर बेकायदाही आहे. डीईएफमध्ये कॅल्शियम किलोला ०.५ मिलिग्रॅमच्या आत लागतं. कठीण पाण्यात त्याच्या शंभरपट सहज असतं. आधी फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात, मग उत्प्रेरकाची छिद्रं बुजतात. वाचलेल्या पैशांत तो भाग येत नाही.

ताफ्याच्या मालकाला गॅरेजमध्ये न जाताही एक तपासणी करता येते. महिन्याचं डिझेल आणि महिन्याचं डीईएफ गाडीवार शेजारी मांडा. १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ६ लिटर डीईएफ जायला हवं. एखाद्या गाडीचा आकडा एकाच्या खाली रेंगाळत असेल, तर फवारा बंद पडलाय किंवा कोणीतरी सेन्सरला फसवणारा डबा बसवून दिलाय. पीयूसीच्या धूर-चाचणीत हे सापडणार नाही, कारण डिझेल गाडीत ती काजळीने अडवलेला प्रकाश मोजते, नायट्रोजन ऑक्साइड नाही.

काजळीसाठी वेगळा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की आतलं तापमान ५५०-६०० अंशांवर नेऊन काजळी जाळून टाकावी लागते. पुणे किंवा हैदराबाद रस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग चाललेली गाडी हे परस्पर उरकते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे उचलून गावातल्या गावात फिरणारी गाडी मात्र कधी पुरेशी तापतच नाही. डीईएफचा फवाराही धूर साधारण २०० अंशांच्या खाली असेल तर सुरू होत नाही. अशा गाड्यांना आठवड्यातून एक लांबची फेरी आलटून-पालटून द्या. गावातल्या फेऱ्यांना सीएनजीची छोटी गाडी घेतली तर त्याहून बरं.

उभ्या गाडीवर फिल्टरमधली काजळी जाळायची वेळ आली, तर जागा नीट बघा. साखर कारखान्याच्या आवारात पाचटावर किंवा बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगाशेजारी ते कधीही करू नये. सायलेन्सरच्या टोकाशी वाळलेलं पाचट पेटायला वेळ लागत नाही. आणि काजळी जळते, राख जळत नाही. ती इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम-जस्ताची असते आणि फिल्टर उतरवूनच काढावी लागते. म्हणून कंपनीने सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच भरा. जुन्या ट्रकचं उरलेलं ऑइल नव्या गाडीत गेलं, तर फिल्टर अकाली चोंदतो.

बीएस-३ आणि डीईएफ न लागणाऱ्या बीएस-४ अशा जुन्या गाड्यांना यातलं बहुतेक लागू नाही. त्यांचा काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, आणि काळ्या मातीच्या धुळीत पहिला संशय एअर फिल्टरवरच घ्यायचा. तो फुंकताना हवेचा दाब ३० पीएसआयच्या आत आणि झोत आतून बाहेर असावा. टायर फुगवायच्या पाइपाने सगळा दाब सोडला तर कागदाला बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि धूळ थेट लायनरपर्यंत (सिलिंडरच्या आतल्या अस्तरापर्यंत) जाते. फिल्टर चांगला असूनही धूर असेल तर इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) तपासा. निळा धूर असेल तर मात्र ऑइल जळतंय; तिथे फिल्टर बदलून काही होणार नाही.

राहिलं उभ्या गाडीचं इंजिन. अवजड ट्रक नुसता उभ्याने तासाला दोन-तीन लिटर डिझेल पितो, आणि प्रत्येक लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. गळीत हंगामात वजनकाट्याच्या रांगेत हे तासन्‌तास चालतं. ड्रायव्हरला दरडावून फारसा फरक पडत नाही, कारण बऱ्याचदा तो सेल्फ उचलणार नाही या भीतीने इंजिन बंद करत नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या २४ व्होल्टच्या गाडीत सकाळी मीटर लावा: २५.२ च्या आसपास हवेत. २४.४ दिसले तर बॅटरी निम्मी रिकामी आहे. आधी टर्मिनल घासा, अल्टरनेटरचा पट्टा ताणून बघा, मगच नव्या बॅटरीचा विचार करा.